कानाले लाल दिसत नाई

ब्रह्मपुरीपासून पार सिरोंच्यापर्यंतच्या जंगलपट्टीत ज्याने म्हणून आयुष्यात काही छापून घेतलं आहे, मग ती लग्नाची पत्रिका असो, पीएच.डी.चा प्रबंध असो की बुद्धविहाराच्या जयंतीची स्मरणिका, त्याला माझ्या आकडसासूने एकदा तरी "हे कोण हाय?" असं विचारून घाम फोडलेला आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. पुण्यामुंबईकडे या नात्याला मेहुणी म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे मात्र नावातच सासू बसवलेली आहे, आणि आमच्या बाबतीत ती पुरेपूर बसलेली आहे. घरात सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, पांढरं सुती पातळ, चष्म्याला काळा गोफ, आणि ब्रह्मपुरीच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं दीड संगणकाचं दुकान. दीड अशासाठी की दुसरा संगणक फक्त हिवाळ्यात चालतो. या दुकानात पत्र्याच्या खुर्चीवर बसून बाईंनी दोन पिढ्यांना वळण लावलं, आणि त्यात प्राध्यापकांपासून नवरदेवांच्या बापांपर्यंत सगळे आले.

बाईंचं म्हणणं साधं आहे. मजकुरातल्या प्रत्येक परिच्छेदाला आधी "हे कोण हाय?" विचारून नाव द्यायचं. हा मथळा, हा उपमथळा, हा साधा मजकूर, हा उतारा, ही सूचना. संगणकात याला पॅराग्राफ स्टाईल म्हणतात. एकदा नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या परिच्छेदांनी कसं दिसायचं, ते एका जागी बसून ठरवता येतं. बाकीचं जग याच्या बरोबर उलट वागतं. ते ओळ निवडतं, तिला जाड करतं, मोठी करतं, लाल करतं आणि झाला मथळा म्हणून चहाला जातं. याला बाई 'रंगवणं' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा डाळीत खडा लागल्यासारखा होतो. "जाड केलं म्हणून कोणी मथळा होत नाई," त्या सांगतात. "खाकी टोपी घातली म्हणून कोणी फॉरेस्ट गार्ड होते का?" मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून त्यांच्या दुकानात बसू लागलो. एका रविवारी वाचनालयाची नोटीस टाइप करताना मी हळूच एक ओळ निवडून जाड केली. बाई आतल्या खोलीत तूरडाळ निवडत होत्या. मध्ये भिंत होती, वर पंखा घरघरत होता. आतून आवाज आला, "जवाईबापू, रंगवलं ना?" कळा दाबल्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून मी ती कळ दाबायला परक्याच्या घरातसुद्धा भितो.

एकदा कॉलेजातले एक मोठे प्राध्यापक आपला प्रबंध पेन ड्राइव्हवर घेऊन आले. घरी स्वतःच टाइप केला होता, त्याचा त्यांना भारी अभिमान. नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी एंटरची कळ दाबत दाबत खालपर्यंत मजल मारली होती. बाईंनी एका प्रकरणाखालच्या त्या रिकाम्या ओळी एकेक करून बोटाने मोजल्या, चौदा भरल्या. मग चष्मा काढून विचारलं, "सर, घरात या खोलीतून त्या खोलीत जाचं असंन त तुमी चौदा पावलं मोजता, का दारातून जाता?" सर म्हणाले, दारातून. "मंग इथीच काऊन भिंतीले धडका देऊन राह्यले?" प्राध्यापक चिडतील असं मला वाटलं होतं. ते पुढचे आठ दिवस रोज दुकानात येऊन खाली स्टुलावर बसले, आणि आपल्या दोनशे पानांतल्या प्रत्येक परिच्छेदाला त्यांनी बाईंच्या देखत नाव दिलं. 'प्रकरण' हे नाव दिलं की नवं पान आपोआप सुरू होतं, हे दार त्यांना सापडलं होतं. आता ते आपल्या विद्यार्थ्यांना तेच चौदा पावलांचं उदाहरण देतात, स्वतःचं म्हणून. बाईंना हे ठाऊक आहे. "देऊ दे," म्हणतात, "पोरायले समजलं म्हंजे झालं."

लग्नपत्रिकेचा तर त्यांनी संसारच मांडून ठेवला होता. 'वर', 'वधू', 'आशीर्वाद' ही नावं कोणीही देईल. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" या ओळीच्या स्टाईलचं नाव त्यांनी 'लेकरं' ठेवलं होतं, आणि आणखी एक होती, तिचं नाव 'रुसणारे'. प्रत्येक घरात चार माणसं अशी असतातच, की पत्रिकेत नाव नसलं तर मांडवात येत नाहीत आणि असलं तर जेवत नाहीत. गिऱ्हाईक आलं की बाई गंभीरपणे विचारायच्या, "रुसणारे किती?" आणि गिऱ्हाईकही तितक्याच गंभीरपणे बोटांवर मोजायचं. एका वरपित्याने हट्ट धरला की आपलं नाव नवरदेवाच्या नावापेक्षा मोठं पाहिजे. बाईंनी वाद घातला नाही. "चालन," त्या म्हणाल्या, "फक्त येवढं सांगा, तुमाले वरपिता ठेवू का वर करू?" गृहस्थ शेजारी बसलेल्या बायकोकडे एकदा पाहून म्हणाले, "वरपिताच राहू द्या."

पण बाईंची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे डोळे मिटून प्रूफ तपासणं. मजकूर तयार झाला की त्या तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या, मोठ्याने वाचायला सांगायच्या आणि स्वतः डोळे मिटून बसायच्या. नवा माणूस गोंधळायचा. त्याला वाटे, म्हातारीला डुलकी लागली. तो आवाज हळू करी, की बाई म्हणत, "मी आयकून राह्यली. कुठी मथळा संपला अन् कुठी मजकूर सुरू झाला, हे मले कानानं समजलं पाह्यजे. डोळे लबाड असतेत, जवाईबापू. डोळ्याले लाल दिसते, मोठं दिसते, सारं सजवलेलं दिसते. कानाले लाल दिसत नाई." मी हसायचो. एवढा खटाटोप कशासाठी, असं एकदा स्पष्टच विचारलं, तर म्हणाल्या, "आज कागदावर छापून राह्यलो. उद्या कायच्यावर छापतीन, कोणाले ठाऊक? रंग कागदासंगं राहून जाईन. नाव संगं जाते." मला ते म्हातारपणचं काहीतरी वाटलं, हे आज कबूल करतो.

तेव्हाच नागपूरच्या एका संस्थेने गावोगावच्या आशाताईंसाठी आरोग्याची पुस्तिका करायला घेतली होती. बाळंतपण, नवजात बाळ आणि ताप हा पहिला भाग बाईंकडे आला. साप, विंचू, भाजणं, बुडणं हा दुसरा भाग घाईमुळे दुसऱ्या कुणा टायपिस्टाकडे गेला. पुस्तिका सुरेख निघाली, वाटली गेली, चिखलात भिजली, फाटली. मग संस्थेने ठरवलं की हे सगळं आशाताईंच्या फोनवरच द्यावं. त्यासाठी मजकूर एक्सएमएल नावाच्या रूपात काढावा लागतो. मला समजलं ते असं, की या रूपात रंग, जाडी, आकार काही उरत नाही. उरतो नुसता मजकूर, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे त्याचं नाव. फोन ते नाव वाचतो आणि त्याप्रमाणे दाखवतो. बाईंच्या भागात सगळ्यांना नावं होतीच. त्यांनी प्रत्येक स्टाईलसमोर तिची खूण, म्हणजे टॅग, लिहून फाइल एका दुपारात पाठवून दिली. संस्थेचे साहेब इतके खूश झाले की फोन वाटण्याच्या कार्यक्रमात बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. कार्यक्रम पार गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला होता. मी सोबत म्हणून निघालो. बाईंनी सत्काराला जातानाही लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. "बाई, हे कशाला?" "सोनार लग्नात जाते तवा कसोटी घरी ठेवते का?"

पंचायत समितीच्या सभागृहात पन्नासेक आशाताई जमल्या होत्या. कुणी पहाटेच चालत निघालेल्या, कुणी जीपमधून कोंबून आलेल्या. टेबलावर फोनचे डबे रचून ठेवले होते. साहेब होते, आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम होत्या, प्रमुख पाहुणे दुपारी येणार होते. सत्काराआधी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "वाटाच्या आधी कोणीतरी एक डाव वाचून दाखवा."

साहेब हसले. "बाई, सगळं तपासलंय आम्ही."

"डोळ्यानं तपासलं. कानानं तपासलं का?"

डॉक्टर मॅडमना गंमत वाटली. त्यांनी एक फोन काढून पुढच्या रांगेतल्या एका आशाताईला दिला. जवळच्याच बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली होती, मराठी शाळेत शिकलेली, खणखणीत आवाजाची. ती उभी राहिली. बाईंनी खुर्चीत पाय वर घेतले आणि डोळे मिटले. पहिला भाग झकास चालला. जिथे धोक्याची सूचना होती तिथे फोन आधी 'धोका' असा शब्द स्वतःच दाखवत होता, आणि ताई तो वाचत होती. मी आजूबाजूला पाहिलं. माझी मान आपोआप ताठ झाली होती. मग दुसरा भाग सुरू झाला. ताई वाचू लागली, "साप चावल्यावर. रुग्णाला झोपवून ठेवणे. धीर देणे. चावलेला हात किंवा पाय हलू न देणे. ताबडतोब दवाखान्यात नेणे. चावलेल्या जागेवर ब्लेडने काप घेणे. वरच्या बाजूला दोरीने घट्ट आवळणे. तोंडाने विष ओढून काढणे. मांत्रिकाकडे नेणे."

"थांब," बाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. मागच्या रांगेतून एका वयस्क आशाताईचा आवाज आला, "मंग आमच्या गावच्या झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याचंच बरोबर होतं म्हणा की."

साहेबांनी घाईघाईने पिशवीतून छापील पुस्तिका काढली. तिच्यात सगळं ठीक होतं. पहिल्या चार ओळी हिरव्या होत्या, 'हे करा' म्हणून. नंतरच्या चार लाल होत्या, 'हे करू नका' म्हणून. शब्दांत तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळा भार रंगावर होता.

"लाल कुठी गेलं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"एक्सएमएलमध्ये रंग येत नाही," साहेब हळूच म्हणाले. मग सावरून म्हणाले, "आपण असं करू. आज फोन वाटून घेऊ. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती पाठवतो, ती फोनवर आपोआप येईल."

"साप पुढच्या आठवड्याची वाट पाह्यते का?" बाई म्हणाल्या. "अन् या बाया इथून गावी गेल्या का यायच्या फोनले रेंज कुठी हाय? तुमची दुरुस्ती झाडावर येऊन बसन अन् हे काप घेणं फोनमंदी राहीन."

साहेब वैतागले. "बाई, तुम्ही टायपिंग करता. हा तांत्रिक भाग आहे."

मी उठणार होतो. बाईंनी नुसता हात केला आणि मला बसवलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "टायपिंगच करते मी. म्हणूनच सांगून राह्यली. दुसऱ्या भागाची मूळ फाइल हाय का तुमच्यापाशी?"

डॉक्टर मॅडमनी आपला हात फोनच्या डब्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "दुरुस्त झाल्याशिवाय यातला एकही फोन इथून जाणार नाही." फाइल निघाली. बाईंनी आपला लॅपटॉप उघडला. शेवटपर्यंत एकाच साध्या स्टाईलचा मजकूर, वर हाताने फासलेले रंग. बाई एवढंच बोलल्या, "बापा, सारी भिंत रंगवली." आणि कामाला लागल्या.

साडेअकराचे चार वाजले. एकही आशाताई उठून गेली नाही. ती बंगाली ताई छापील पुस्तिकेतून एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि बाई साऱ्या सभागृहाला विचारायच्या, "हे कोण हाय? कराचं का नाई कराचं?" सभागृह एका सुरात उत्तर द्यायचं. डॉक्टर मॅडम "बरोबर" म्हणाल्या की बाई त्या ओळीला नाव द्यायच्या. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. "नाव मशीनसाठी झालं," त्या मॅडमना म्हणाल्या. "उद्या मशीनबी चुकन. वाक्यानं सोताच बोललं पाह्यजे." मग दोघींनी मिळून प्रत्येक लाल ओळ बदलली. ब्लेडने काप घेऊ नका. दोरीने आवळू नका. तोंडाने विष ओढू नका. प्रत्येक बदलाला पन्नास बायका ओरडायच्या, "नका! नका!" दोनच्या सुमारास प्रमुख पाहुण्यांची गाडी आवारात आली म्हणे. आतून हा गजर ऐकून त्यांना मोर्चाच वाटला असावा, कारण गाडी दारातूनच वळली. शाल एका खुर्चीच्या पाठीवर पडून होती. नारळ मात्र चहाबरोबर फोडून सगळ्यांत वाटला गेला.

साहेबांबद्दलही सांगायला हवं. ते पहिला अर्धा तास खिडकीशी उभे होते. मग खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी येऊन बसले, आणि शेवटी शेवटी त्यांनीच 'भाजल्यावर' हे प्रकरण स्वतःच्या हाताने, एकेक नाव देत पूर्ण केलं. फाइल फोनवर चढवल्यावर ते म्हणाले, "बाई, आता पुन्हा वाचून घेऊ या." बंगाली ताई उभी राहिली. साहेबांनीही डोळे मिटले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाचून झालं तेव्हा बाईंनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आता वाटा." टाळ्या कोणी सुरू केल्या ठाऊक नाही. माझ्या सगळ्यात उशिरा थांबल्या, एवढं ठाऊक आहे.

पुढे पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, त्या बंगाली ताईचा दुकानात फोन आला. तिच्या गावात शेताच्या बांधीत एका बाईला साप चावला होता. तिचा दीर दोरी घेऊन धावत आला. "दीदी, मी त्याच्यापुढे फोन धरला आणि म्हटलं, वाच. मोठ्याने वाच. त्याने वाचलं आणि दोरी टाकून दिली." दवाखान्यात नेलेली त्याची वहिनी चौथ्या दिवशी पायी घरी आली होती. "बरं झालं, माय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. समोर एका स्मरणिकेचं काम उघडं होतं. कळांवर बोटं टेकवून त्या तशाच बसल्या. किती तरी वेळ त्यांनी एक अक्षर टाइप केलं नाही. हल्ली त्यांची बोटं थरथरतात. दुकान दुपारी तीनलाच बंद होतं. पोरं फोनवरच सगळं लिहितात आणि रंगवतात. पण कुठेही चार माणसं जमली की मी ही मुलचेऱ्याची हकीकत सांगितल्याशिवाय राहत नाही. बायको म्हणते, स्वतःच्या नोकरीची गोष्ट कधी इतक्या हौसेने सांगितली नाही तुम्ही. खरं आहे. माझ्या नोकरीत सांगण्यासारखं असं काही घडलंच नाही.

त्या दिवशी मुलचेऱ्याहून परतताना मात्र एक झालं, ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बसमध्ये गर्दी होती आणि दोघांना मिळून एकच बाक मिळाला. आमच्याकडे जावयाने आणि आकडसासूने एका खाटेवर बसू नये, एकमेकांना शिवू नये अशी जुनी रीत आहे. बाई कितीही पुढच्या विचाराच्या असल्या तरी ही रीत पाळतात. त्यांनी खिडकीशी बसून लॅपटॉपची पिशवी मध्ये ठेवली. आष्टी मागे पडली आणि त्यांचा डोळा लागला. पिशवी हळूहळू घसरून पायाशी गेली, आणि बाईंचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतकं हलकं, की मला आधी पदराचं टोकच उडून आलं असं वाटलं. दिवसभर पन्नास बायकांच्या वर ज्यांचा आवाज चढला होता, त्यांचे पाय बसच्या फळीला टेकतही नव्हते. मी हललो नाही. चामोर्शीला शेजारच्या रांगेतल्या माणसाने विचारलं, "माय हाय का तुमची?" "नाई," मी म्हणालो, "आकडसासू हाय माझी." जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण पुढच्या दोन बाकांनी वळून पाहिलं.

गडचिरोलीच्या स्टँडवर गाडीला गचका बसला आणि त्या जाग्या झाल्या. क्षणभर त्यांना कुठे आहोत ते कळलं नाही. मग एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला.

"घोरली का मी, जवाईबापू?"

"नाही, बाई."

त्यांनी खाली वाकून पिशवी उचलली, पुन्हा आमच्या मध्ये ठेवली आणि खिडकीकडे चार बोटं सरकल्या. गाडी आरमोरीकडे निघाली. थंडीचे दिवस होते, खिडकीच्या काचा कुठे धड लागत नव्हत्या, आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत माझा तो एकच खांदा गार पडत राहिला.